सायकलच्या ट्यूबचं वायसर

नालायक माणसाची बदली होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फार लायक माणसाची त्याहून वाईट बदली होते. लहानू मेश्राम मास्तरला हे भिलाईत कळलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

साल एकसष्ट. कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या, पण भोवतीचं गाव अजून अर्धं कागदावर आणि अर्धं चुन्याच्या रेघांवर होतं. रिसालीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला एका ठेकेदारानं सिमेंट ठेवायला पत्र्याची लांबच लांब शेड बांधली होती. काम संपलं, ठेकेदार गेला, शेड राहिली, आणि सरकारनं तिच्यात मुलींची शाळा बसवली. बाकावर हात फिरवला की तळव्याला सिमेंट लागायचं. पोरी सकाळी काळ्या केसांनी यायच्या आणि संध्याकाळी राखाडी केसांनी घरी जायच्या. या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी होती. बाई काही मिळेना. वर्षभर वाट पाहून सरकारनं हात टेकले आणि लहानू मास्तरला पाठवलं.

लहानू भंडाऱ्याकडचा. थोरला भाऊ कवडू आधी रेल्वेत गिट्टी टाकायचा, मग भट्टीवर खलाशी, म्हणजे अवजड कामाचा मजूर, म्हणून लागला. त्याच्या जिवावर लहानू नागपूरला होस्टेलात राहून इंटर सायन्स झाला. घरात पहिला, गावात पहिला, आणि आसपासच्या चार गावांच्या बौद्धांतही पहिला. आता दोघे भाऊ सेक्टर दोनमध्ये कवडूच्या क्वार्टरात राहत. लहानूची बायको रुक्मा आणि मुलगी कमला, एवढंच घर. कवडूची बायको लवकर वारली होती आणि मूल नव्हतं, त्यामुळे कमला दोन बापांची एक लेक होती.

त्या वर्षी नववीला पहिल्यांदा विज्ञान उघडणार होतं. मुलींना विज्ञान! लोकांनी कपाळाला हात लावला. लहानू मास्तर घरोघर फिरला. कोणी म्हणे, पोरगी बाटल्या फोडेल, हात भाजून घेईल. कोणी म्हणे, शिकून करणार काय, शेवटी फुंकणीच हातात धरायची. मास्तर चिडका नव्हता. तो ओसरीवर बसून राहायचा, चहा मागून प्यायचा आणि उठायचं नाव काढायचा नाही. शेवटी आईबापांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो वाजवी होता. आज तुम्ही आहात, उद्या बदली झाली तर आमच्या पोरींनी मधल्यामध्ये काय करायचं?

"अकरावीच्या परीक्षेपर्यंत मीच शिकवणार," मास्तर म्हणाला. "हा माह्या शब्द."

त्या शब्दावर सात पोरी मिळाल्या. त्यांत एक कमला.

प्रयोगाचं सामान म्हणाल तर शून्य. पण कारखान्याच्या मागच्या बाजूला भंगाराचा डोंगर होता आणि कवडूची तिथल्या चौकीदाराशी दोस्ती होती. कवडू सायकलच्या कॅरिअरला बांधून काय काय आणायचा: तारेचे तुकडे, फुटके बल्ब, ऑइलचे चौकोनी डबे. डब्याच्या तोंडाला फिरकीचं झाकण असायचं, पण आतलं वायसर वितळून गेलेलं. वायसर म्हणजे झाकणाच्या आत बसणारी रबराची चकती. ती नसली तर झाकण कितीही आवळा, हवा शिरतेच. मास्तर सायकलच्या जुन्या ट्यूबची वायसरं कापायचा, आणि त्याच ट्यूबच्या आडव्या कड्या कापून सातही पोरींना वह्या-पुस्तकं बांधायला दिल्या होत्या. रस्त्यानं जाताना लोक कडीवरून ओळखायचे, ही सायन्सवाली.

डब्याचा प्रयोग म्हणजे मास्तरचा हुकमी एक्का. डब्यात ओंजळभर पाणी घालायचं, झाकण न लावता ते खळखळ उकळू द्यायचं. वाफ आतली हवा ढकलून बाहेर काढते. मग डबा खाली उतरवून झाकण घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. आतल्या वाफेचं पाणी होतं, आत काहीच उरत नाही, आणि बाहेरची हवा चारी बाजूंनी दाबून पत्र्याचा चोळामोळा करते. हात लागत नाही, हातोडी लागत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा कमला दोन दिवस घरात त्याच गोष्टीवर बोलत होती. एवढी हवा आपल्यालाही दाबते का, बाबा? दाबते ना. मग आपण का नाही चेपत? आपल्या आतही आहे म्हणून, असं बापानं सांगितलं.

बासष्टच्या जानेवारीत दुबे साहेब आले. राज्यात विज्ञान पसरवायचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येईल. खरोखर तळमळीचा होता. खेड्यापाड्यांत एकाही पोरानं भिंग पाहिलेलं नाही म्हणून त्याची झोप उडायची. त्यानं शेडमध्ये डबा चेपताना पाहिला, सात पोरींनी पटापटा कारण सांगितलेलं ऐकलं, आणि उठून मास्तरच्या पाठीवर हात ठेवला.

"यह आदमी यहाँ टीन के शेड में क्या कर रहा है? इसे तो पूरे प्रदेश में होना चाहिए।"

झालं. त्या दिवशी मास्तरनं एखादी काचेची नळी फोडली असती तर ही गोष्टच घडली नसती.

जुलैत कागद आला. सरकारनं एक मोटारगाडी केली होती, तिच्या पोटात टेबल, बाटल्या आणि चित्रं. गावोगाव जायचं, प्रयोग दाखवायचे, पुढच्या गावाला निघायचं. लहानू मास्तर तीन महिन्यांसाठी या गाडीवर. तीनच महिने! सात पोरींना त्यानं वहीभर टिपणं लिहून दिली आणि दसऱ्याला येतो म्हणून निघाला.

तीन महिन्यांनी कागद आला: आणखी तीन महिने. मग आणखी तीन. धमतरी, महासमुंद, कांकेर, कवर्धा. एका गावात दोन तास. हळदीला चुना लावून लाल करून दाखवायची, पाण्याचा भरला पेला कागद लावून उलटा धरायचा, डबा चेपायचा. लोक टाळ्या वाजवायचे. एखादं पोट्टं हटकून विचारायचं, "मास्तर, पाणी कावून नाही पडत?" मास्तर सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच पुढच्या गावाची वेळ व्हायची. सव्वा वर्षात त्यानं हजारो पोरांना विज्ञान दाखवलं आणि एकालाही शिकवलं नाही.

बरं, इकडे शाळेत दुसरा मास्तर का नेमला नाही? तर जागा रिकामीच नव्हती. कागदावर लहानू मेश्राम त्याच शाळेत होता. गाडीवर तो नुसता तीन महिन्यांकरता गेलेला. दर वेळी तीनच महिने. भरलेल्या खुर्चीवर दुसरा माणूस कसा बसवणार? मास्तर तिकडे अडकलेला, खुर्ची इकडे अडकलेली, आणि मधल्यामध्ये सात पोरी. अकरा अर्ज केले त्यानं. हिंदीत केले, इंग्रजीत केले. प्रत्येकाला एकच उत्तर, आपकी सेवाएँ अपरिहार्य हैं. म्हणजे तुमच्यावाचून आमचं चालत नाही. कौतुकाच्या दोरीनं बांधलेला माणूस सोडवायचा कसा?

नोकरी सोडायची म्हटली तर हमीपत्रावर पाच वर्षांची सही होती. आणि ती नसती तरी कवडू होता.

कवडूचं सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये जयंतीला सेक्टर दोनच्या मैदानात वस्तीनं लहानू मास्तरचा सत्कार केला. निळा पट्टा, हार, भट्टीवरचे, यार्डातले, रेल्वेतले सगळे हजर. कवडू बोलायला उभा राहिला आणि "माह्या भाऊ..." एवढं म्हणून रडायलाच लागला. ज्या बापाला गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं, त्याचा मुलगा आज सरकारी गाडीतून राज्याला विज्ञान शिकवत फिरतो, हे त्याला सांगायचं होतं. सगळ्यांना ते न सांगताच कळलं. घरी येताना लहानूनं हळूच विषय काढला.

"दादा, मले वापस शाळेत याचं आहे."

"काय बोलून राहिला तू?" कवडू जागीच थांबला. "लोकांनी हत्तीवर बसवलं तर उतरून कोणी गाढव मागते का गा?"

"सात पोरींले शब्द देला होता मी."

"सातच ना? आता सात हजार पाहून राहिले तुले." कवडूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपला माणूस वर गेला लहान्या. आता खाली नको पाहू."

लहानू पुढं चालू लागला. परक्यानं अडवलं तर भांडता येतं. ज्यानं आपल्यासाठी हाडं झिजवली त्याच्याशी काय भांडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

रुक्मा मात्र स्पष्ट बोलायची. "अजी, तुमी गावाले शिकवता आन् लेक घरी दिव्याखाली वही वाचून दुसऱ्या सहा जणींले समजावते. हे काय राज्य होय का?" कमला खरंच तसं करत होती. रोज शाळा सुटल्यावर शेडच्या मागे पोरी बसायच्या आणि कमला बापाच्या टिपणांतून शिकवायची. जिथं तिलाच कळायचं नाही तिथं सातही जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहायच्या.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरमध्ये गाडी दुर्गला आली तेव्हा मुख्याध्यापिका सिंधुताई मुद्दाम भेटायला आल्या. नवरा रेल्वेत गार्ड, राहायला दुर्गच्या मोहन नगरात, मूळच्या नागपूरच्या. शिस्तीच्या बाई. उभ्याउभ्याच बोलल्या.

"मेश्राम मास्तर, अकरावीचे फॉर्म दिवाळीच्या सुट्टीआधी जायचे आहेत. मुलींकडून शिक्षकानं प्रयोग करून घेतले, असं मला लिहून द्यावं लागतं. मी खोटी सही करणार नाही."

"मी येतो ना बाई. अर्ज केला आहे."

"अकरा केलेत. मला ठाऊक आहे." त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही आलात तर चार महिन्यांत सगळं करून घ्याल, एवढी खात्री आहे मला. नाही आलात तर सातही जणींना आर्ट्समध्ये बसवते. इतिहास, नागरिकशास्त्र. पास तरी होतील बिचाऱ्या."

म्हणजे हातात उरले तीन आठवडे.

गाडीचा ड्रायव्हर चंपत हा वर्ध्याकडचा, जगावरून ओवाळून टाकलेला माणूस. मास्तरचं सगळं दुःख त्यानं सव्वा वर्ष शेजारच्या सीटवरून ऐकलं होतं. त्या दिवशी बीडी विझवत तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या आधी या गाडीवर एक गुरुजी होते. दुबे साहेबासमोर त्यांचा प्रयोग फसला. नळी फुटली, पानी सायबाच्या धोतरावर. तिसऱ्या दिवशी गुरुजी आपल्या शाळेत."

"मंग?"

"मंग काय? अर्ज करून कोणी सुटते का? जो बैल चालते त्यालेच जुंपते माणूस. तुमी एकदा बसा ना वावरात."

मास्तरला ते पटेना. प्रयोग मुद्दाम बिघडवायचा? खोटं बोलणं वेगळं आणि प्रयोगाला खोटं बोलायला लावणं वेगळं. पोरांसमोर, लोकांसमोर! तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. मग कागद आला की पुढच्या शनिवारी भिलाईत सेक्टर दोनच्या मैदानात मोठा कार्यक्रम आहे, दुबे साहेब स्वतः येणार, योजना कशी चालली ते पाहून पुढचं ठरवणार. मास्तरनं कागदाची घडी घातली आणि चंपतला म्हणाला, "शनिवारी डब्याचं पाहतो." घरी मात्र कोणाला काही सांगितलं नाही. कवडूला सांगण्याची सोय नव्हती, आणि कमलाला सांगायला जीभ उचलली नाही. बाप प्रयोग बिघडवणार आहे हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगणार?

शनिवारी चार वाजता मैदान भरलं. कवडूनं पहिल्या पाळीची सगळी माणसं अंघोळ करून, धुतले कपडे घालून आणली होती आणि एक हार पिशवीत लपवून ठेवला होता. डाव्या बाजूला शाळेच्या मुली, पुढच्या रांगेत त्या सात जणी, मांडीवर ट्यूबच्या कडीनं बांधलेली पुस्तकं. मागं बायकांत रुक्मा. मधोमध खुर्चीवर दुबे साहेब, हातात टिपणवही.

हळद लाल झाली. पेला उलटा राहिला. टाळ्या पडल्या. मग मास्तरनं डबा घेतला. टेबलामागं वाकला, झाकणातलं वायसर नखानं उचकटलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. कोणी पाहिलं नाही. पाणी उकळलं, झाकण लागलं, डबा खाली उतरला. मास्तरनं वरून गार पाण्याचा तांब्या ओतला.

डबा तसाच उभा. आतून बारीक सूं सूं आवाज येत होता, झाकणातून हवा आत शिरत होती.

लोक वाट पाहत राहिले. मास्तरनं दुसरा तांब्या ओतला. मागून एक जण फिसकन हसला, त्याला शेजाऱ्यानं दाबलं. कवडूनं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. ते पाहून लहानूनं रिकामा तांब्या खाली ठेवला, पण आत कुठंतरी मोकळंही वाटत होतं. सोमवारी शेड. सोमवारी सात पोरी.

"साहेब, नहीं जमा," तो म्हणाला. "हात की सफाई चली गई।"

दुबे साहेबांनी पेन उघडलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. "मास्टरजी, लगता है आप बहुत थक गए हैं। शायद अब आपको..."

"बाबा, वायसर राहिलं."

कमला उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण मैदानात शांतता होती म्हणून सगळ्यांना गेला. ती पुस्तकं घेऊन टेबलापाशी आली. तिनं डब्याला कान लावला, सूं सूं ऐकली, आणि बापाकडे पाहून हसली, घाबरू नका, मी आहे ना, अशी. मग पुस्तकांवरची कडी ओढून काढली.

दोन शब्द पुरेसे होते. खाली बस. बापाचा आवाज, पोरगी निमूट बसली असती. लहानूनं तोंड उघडलंसुद्धा.

तोवर तिनं ओढणीच्या टोकानं झाकण फिरवून काढलं होतं, डबा पुन्हा स्टोव्हवर ठेवला होता आणि लोकांकडे तोंड केलं होतं. बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी, सगळ्यांना कळावं म्हणून ती हिंदीत बोलायला लागली. "अंदर की हवा पहले भगानी पड़ती है। भाप उसको धक्का मारके बाहर करती है। थोड़ा रुकना पड़ेगा।" आणि ती थांबली. वाफेची पहिली रेघ आली, पातळ. दुसरी कोणी असती तर झाकण लावून मोकळी झाली असती. कमला थांबली. वाफ दाट पांढरी झाली, डब्याच्या तोंडातून जोरानं सुटायला लागली, तरी ती मनात आकडे मोजत उभी. मग कडी दुमडून डब्याच्या मानेत बसवली, झाकण आवळलं, डबा उतरवला आणि तांब्या हातात घेतला. बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली. सव्वा वर्ष हेच तर तो विसरला होता, की शिकवणाऱ्यानं शेवटी गप्प उभं राहायचं असतं.

पाणी पडलं आणि डबा कडाड करत आत गेला. एक बाजू, दुसरी बाजू, मग मधूनच मोडला.

मैदान उठलं. खलाशी टोप्या उडवू लागले. कवडू रडत होता आणि हसतही होता. दुबे साहेब खुर्चीवरून उठून टेबलापाशी आले.

"बेटी, कहाँ सीखा?"

"बाबा ने सिखाया," कमला म्हणाली.

"सुना?" साहेब लोकांकडे वळले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "यह है हमारी गाड़ी का फल! सवा साल में!" पोरीनं गाडीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ती हे शिकली होती सिमेंटच्या शेडमध्ये, गाडी यायच्या आधी. पण हे सांगणार कोण, आणि त्या गोंगाटात ऐकणार कोण?

मग साहेबांनी तिथंच, सगळ्यांसमोर निर्णय सांगितला. एका गाडीच्या तीन गाड्या होणार. तिन्हींवर प्रमुख श्री लहानू मेश्राम. आता तीन-तीन महिन्यांचा खेळ बंद. पाच वर्षं, पक्की नेमणूक. टाळ्या. सिंधुताई पुढं आल्या. त्यांनी धीर करून विचारलं, "साहेब, मग माझ्या शाळेतली ती जागा तर रिकामी झाली. सोमवारी दुसरा शिक्षक द्या." साहेब हसले. त्यांनी कमलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"बहनजी, जहाँ की लड़कियाँ इतनी तैयार हैं वहाँ पहले क्यों दूँ? बस्तर में एक भी नहीं है। यह पद वहाँ जाएगा।"

यात चूक काय काढणार? बस्तरात खरंच एकही नव्हता.

कवडूनं पिशवीतून हार काढला आणि भावाच्या गळ्यात घातला. लहानूला घट्ट कवळून तो कानात म्हणाला, "पाहिलं? पोरीनं लाज राखली तुही." सिंधुताईंनी चष्मा पुसला. जाता जाता मास्तरपाशी क्षणभर थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सोमवारी भरते फॉर्म. इतिहासाचे."

चेपलेला डबा साहेबांनी आपल्या जीपमध्ये ठेवला, भोपाळला दाखवायला. त्याच्या मानेत कमलाची कडी अडकलेली तशीच गेली.

माणसं पांगली. चंपत सामान चढवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी राजनांदगावला कार्यक्रम होता, आताच निघायला हवं होतं. रुक्मा जेवणाचा डबा आणायला घरी गेली होती. कमला सुटी पुस्तकं छातीशी धरून गाडीपाशी आली. तिचा चेहरा अजून उजळलेला होता. शाळेतली मास्तरची जागा कुठं गेली हे तिनं ऐकलं होतं, पण त्याचा आणि आपल्या डब्याचा संबंध तिला लागला नव्हता. मास्तरनं घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर वायसर निघून मातीत पडलं.

कमलानं ते उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. ते तुटलेलं नव्हतं, वितळलेलं नव्हतं. चांगलं होतं.

"हे खिशात होतं?"

मास्तर रुमालाची घडी घालत राहिला.

"म्हंजे... राहिलं नव्हतं. तुमीच काढलं होतं." तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "आमच्यासाठी."

"हाव."

ती गाडीच्या पायरीवर बसली. पुस्तकं मांडीवरून घसरली, ती तिनं सावरली नाहीत. ती ते रबर बोटांत फिरवत राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ.

"मले रोकलं कावून नाही, बाबा? एक शब्द बोलले असते. मी बसली असती."

"रोकनार होतो," मास्तर म्हणाला. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला, गळ्यात हार तसाच. "पण तू झाकण काढून वाफेची वाट पाहाले लागली. पातळ वाफ आली तरी घाई नाही केली. मंग मले वाटलं, येवढं होऊ दे. सव्वा वर्षात माह्यासमोर कोणी येवढं थांबलं नव्हतं वं." त्यानं समोरच्या रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. "तितका वेळ मी शाळेत होतो."

कमलानं मान हलवली, कळल्यासारखी. मग तिनं विचारलं, "आन् आमी सात जणी?"

मास्तरनं गळ्यातला हार काढून पायरीवर ठेवला. चंपतनं दुरूनच एकदा हॉर्न वाजवला, अगदी हळू.

कमला उठली. तिनं वायसर ओढणीला पुसलं, बापाच्या खिशात परत घातलं आणि वरून बटण लावलं.

"उद्या राजनांदगावले लागन," ती म्हणाली.